सही करण्याआधी
(ज्येष्ठ स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



नवऱ्याचे तेरावे होते न होते तोच घरात एक कागद येतो. "आई, इथे सही कर. सोसायटीत नाव लावायचंय, सोयीचं पडेल." हा कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. आई सही करते. लेकीही करतात, भावाशी वाकडेपणा नको म्हणून.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात बायकोचा वाटा प्रत्येक मुलाइतका आणि मुलीइतकाच असतो. त्या सहीने तो जातो.

एक काकू माझ्याकडे आल्या. चाळीत पै-पै साठवून, स्वतःच्या बांगड्या मोडून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलाने तो विकायला काढला तेव्हा त्यांना सहीचा अर्थ कळला. म्हणाल्या, "ताई, मी कुठे राहायचं हे विचारायचा हक्कसुद्धा मीच सोडला की काय?"

ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळाच्या अटीवर घर दिले आणि सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला तिची मालमत्ता अशी परत दिली. पण तिथे सांभाळाचे वचन कागदावर होते. काकूंच्या कागदावर एक ओळही नव्हती.

म्हणून घर हयातीत आपल्याच नावावर ठेवा. द्यायचेच तर मृत्युपत्राने द्या. ते केव्हाही बदलता येते.

"पण मेंटेनन्स, घरपट्टी, गळकं छप्पर, हे भागवायचं कशातून?" प्रश्न खरा आहे. आयुष्यभर घरात राबलेल्या बाईला पेन्शन कुठली? एक खोली भाड्याने देता येईल. करार मात्र नोंदवा. साठी उलटलेल्यांसाठी बँकांची 'रिव्हर्स मॉर्गेज' योजना २००७ पासून आहे. घर तारण ठेवून त्याच घरात राहायचे, बँक ठरावीक रक्कम देते. आपल्यामागे वारसांनी कर्ज फेडायचे, नाहीतर घर विकून ते वसूल होते. व्याज चढत जाते, हे मात्र आधीच समजून घ्या.

मुलावर अविश्वास दाखवा, असे मी म्हणत नाही. माया वेगळी, मालकी वेगळी. कागद पुढे आला की एवढेच म्हणा, "ठेव इथे. वाचून घेते, मग बघू."

आणि तो कागद घेऊन आपल्या गटात या. आपण मिळून वाचू.