भरल्या गाडीचा जॅक

कवीने जॅकवर बोलावे याचे नवल वाटेल. पण माझे दोन पुतणे छोट्या मालगाड्या चालवतात. रात्री शेतावर टोमॅटो भरायचे आणि पहाटेच्या लिलावाआधी बाजार समिती गाठायची. २००५ साली टाटांची 'एस' आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले आणि असा धंदा करणारी पोरे गावोगाव उभी राहिली. रात्री दोन वाजता आडरानात मागचे चाक बसले, की त्यांच्या हाताशी असतो तो जॅक. तो पारखून घ्यायला हवा.

पहिली गोष्ट वजनाची. जॅक गाडीचे एकच टोक उचलतो, हे खरे. पण माल भरल्यावर बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. म्हणून हिशेब सोपा ठेवावा. रिकामी गाडी अधिक माल, या एकूण वजनाहून जॅकची क्षमता कमी नसावी. छोट्या हत्तीला दोन टनांचा पुरतो. मोठ्या पिकअपला तीन टनांचा किंवा त्याहून मोठा लागतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि इथेच बरेच जण फसतात. हवा गेली की गाडी खाली बसते. तेव्हा मिटलेला जॅक अ‍ॅक्सलखाली शिरला पाहिजे. छोट्या हत्तीची चाके अवघी बारा इंची, तिथे उंच बाटली जॅक आत जातच नाही. म्हणून चाकातली हवा सोडून टेपने माप घ्यावे, मगच दुकानात जावे. जॅक अ‍ॅक्सलखाली, कंपनीने सांगितलेल्या जागीच लावावा. चासीला लावला तर आधी पाटे सैल होतात, गाडी वर जाते आणि चाक मात्र जमिनीवरच राहते.

आता प्रकार. बाटली जॅक तेलाच्या दाबावर चालतो, कमी ताकदीत मोठे वजन उचलतो. पण सील झिजले की हळूहळू खाली बसतो. त्यात हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने सील फुगतात. स्क्रू जॅकला मेहनत जास्त, पण गळायला त्यात तेलच नसते. फक्त आटे साफ आणि ग्रीस लावलेले हवेत.

आमच्या गल्लीतल्या एका पोराचा जॅक उत्तम होता. पावसाळ्यात काळ्या मातीवर तो रुतला, गाडी कलंडली आणि पोराची दोन बोटे गेली. त्या दिवसापासून माझे पुतणे जाड फळीचा तुकडा सोबत ठेवतात.

हॅन्डब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतो. मागचे एक चाक उचलले की त्याचा जोर निम्मा होतो. म्हणून पुढच्या चाकांना दगडाची उटी लावावी. नट गाडी उचलण्याआधीच सैल करावेत. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे.

नवा जॅक घेतलात, तर त्याच आठवड्यात दारात, दिवसाउजेडी, भरल्या गाडीवर एकदा लावून पाहा. पुतण्या हसून म्हणाला, "चाचा, एवढी कसली घाई?" मी म्हटले, "बेटा, टोमॅटो उशिरा पोचला तर भाव पडेल. तू पोचला नाहीस तर?"