फाटकाशी बसलेल्या शांताबाई

जेवणं उरकली असतील, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते. आज सिनेमातल्या एका बाईची गोष्ट सांगते. बचत गटाचा आणि सिनेमाचा काय संबंध, असं वाटेल, पण जरा थांबा.

शांता आपटे हे नाव आपल्या आज्यांनी ऐकलेलं असेल. जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा, साधारण 1916 सालचा. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर आणि गाण्याचे शौकीन. मुलगी पंढरपुरात गाणं शिकली, गणपतीत गायची. 1932 साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये तिला पहिलं काम मिळालं. मग पुण्याच्या प्रभात कंपनीत ती गेली आणि 1934 च्या ‘अमृतमंथन’मुळे नाव झालं.

आता पडद्यावर एक बाई ओठ हलवते आणि गाते दुसरीच. तेव्हा बहुतेक नट-नट्या स्वतःच गायच्या. गाताना एका जागी खांबासारखं उभं राहायचं, ही रीत. शांताबाई गाताना हात हलवायच्या, डोळ्यांनी बोलायच्या. आपल्याकडे होळीला गाणं म्हणताना कोणी खांबासारखं उभं राहतं का? पण त्या काळच्या सिनेमात हे नवं होतं, आणि लोकांना आवडलं.

त्यांचा सगळ्यात मोठा सिनेमा ‘कुंकू’, 1937 चा, व्ही. शांतारामांनी केलेला. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. नीरा नावाच्या पोरक्या मुलीचं फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात. ती घरात राहते, पण त्याला नवरा मानत नाही. रडत बसत नाही, पळूनही जात नाही. तोंडावर सांगते की हे चूक आहे. सिनेमात मागून वाजणारं संगीत नाही, घड्याळाचे टोले, भांड्यांचे आवाज, एवढंच. म्हणून की काय, नीराचं बोलणं जास्तच ऐकू येतं.

आमच्या गटात मोबाईलवर हा सिनेमा थोडा थोडा करून पाहिला. एक मावशी म्हणाली, “ही तर आपल्या पाड्यावरची पोर वाटते.” दुसरीने विचारलं, “पोरीला विचारलं कोणी होतं का?” त्यावर खूप वेळ बोलणं चाललं. आपल्याकडे देज घेतात, तिकडे हुंडा देतात, पण पोरीला न विचारण्यात दोन्हीकडे फरक नाही. त्या म्हाताऱ्याची समाजकार्य करणारी मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली आहे. त्या खऱ्या आयुष्यातही कुटुंब नियोजनाचं काम करायच्या, पुढे राज्यसभेत गेल्या.

आता ज्यासाठी ही गोष्ट काढली ते सांगते. एवढं नाव झाल्यावरही शांताबाई कंपनीच्या नोकरदारच होत्या. करार, पगार, कामाचे दिवस, सगळं कागदावर. त्या करारावरून वाद झाला. 1939 साली शांताबाई प्रभातच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसल्या. देशभर ओळखली जाणारी नटी स्वतःच्याच कंपनीच्या दारात उपाशी! पेपरवाल्यांना विषयच मिळाला. कोणी हसलं, कोणी नखरेल म्हटलं. बाईने पैशाचं बोललं की तिला काय काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढे त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

1940 साली त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’. झगमगाट सांगणारं पुस्तक नव्हे. स्टुडिओत किती राबावं लागतं, शरीर कसं थकतं, कमाई कोणाकडे जाते, हे त्यात आहे. मला शांताबाईंच्या गाण्यापेक्षा हे धाडस मोठं वाटतं. उपोषण चार दिवसांत लोक विसरतात, लिहिलेलं राहतं.

कंपनी सुटली म्हणून काम थांबलं नाही. तमिळ शिकून 1941 च्या ‘सावित्री’त काम केलं, मग लाहोरला जाऊन ‘जमीनदार’ केला. 1964 साली मुंबईत त्या वारल्या. नाटक-सिनेमातल्या नयना आपटे त्यांच्या कन्या.

शांताबाईंना आपला करार वाचता येत होता. आपल्याकडे दिवाळीनंतर जोड्या ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. कोयता दोघांचा, कागदावर नाव एकाचं, आणि बाईचा हिशोब कुठेच नाही. कितीतरी वेळा तर कागदच नसतो, नुसती मुकादमाची वही. उचल किती, टनाला भाव काय, आजारी पडलं तर किती कापणार, हे निघण्याआधी विचारायचं असतं. फडात पोचल्यावर कोण ऐकतं?

यंदा ज्या जाणार आहेत त्यांनी उचलीचा कागद किंवा वहीच्या पानाचा फोटो गटाच्या पुढच्या बैठकीला आणा. मराठी वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन, पावरीत सांगायला आपल्या गटातल्या पोरी आहेत. अंगठा त्यानंतर.