आतबट्ट्याचा व्यवहार?

जॉन ह्यूम हे उत्तर आयर्लंडमधील डेरीचे शाळामास्तर. १९६० साली सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे पतपेढी काढली; १९७० साली सनदशीर मार्गाचा सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पक्ष स्थापण्यात पुढाकार घेतला. तिथल्या यादवीत सुमारे साडेतीन हजार माणसे बळी पडली. १९८८ मध्ये ह्यूम यांनी सशस्त्र गटाच्या बाजूच्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स यांच्याशी बोलणी आरंभली. पुढे त्यावरून टीकेचा भडिमार झाला; ते हटले नाहीत. १९९८ साली करार झाला, उत्तरेत ७१ टक्के मतदारांनी तो उचलून धरला. पुढे मते मात्र शिन फेनकडे वळली. ह्यूम यांचा पक्ष मागे पडला. आता तुम्हीच सांगा, पक्ष घटला, माणसे वाचली, हा व्यवहार आतबट्ट्याचा कसा?