क्राकुफचा बाक आणि आपला मागचा प्लॉट

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. छत्तीस वर्षं बँकेत आकडे तपासले, त्यामुळे बोलतानाही आकडे येतील, सांभाळून घ्या. कमिटीने सांगितलं, "काका, पोलंडला जाऊन आलात, त्यावर बोला." म्हणून उभा राहिलो.

आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकुफ शहरात असतात. गेल्या जूनमध्ये मी आणि आमच्या सौ. तिथे महिनाभर राहिलो. जाताना वाटलं होतं, पोलंडशी आपलं काय नातं! पण आपण कोल्हापूरची माणसं, आपण तरी असं म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. आज जिथे गांधीनगर आहे, तीच ती जागा. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आपण रोज फिरायला जातो, पण थांबून वाचतो किती जण? माझी आई सांगायची, त्या गोऱ्या बायका बाजारात मोडक्यातोडक्या मराठीत भाव करायच्या.

आता शहराकडे वळतो. क्राकुफ ही पोलंडची जुनी राजधानी. युद्धात वॉर्सा जमीनदोस्त झालं, हे शहर मात्र वाचलं. मधोमध मोठा चौक आहे, 1257 साली आखलेला, साधारण दोनशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद. मध्यभागी सुक्येन्नित्से म्हणजे जुन्या कापड व्यापाऱ्यांची लांबलचक इमारत, बाजूला दोन असमान मनोऱ्यांचं सेंट मेरी चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस चार दिशांना तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. दंतकथा अशी की 1241 मध्ये तार्तरांची स्वारी आली, पहारेकऱ्याने इशाऱ्याची तुतारी फुंकली आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण लागला. हे काम तिथले अग्निशमन दलाचे जवान करतात. पहिल्या दिवशी सूर तुटला तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, त्याला काही झालं का बघा!" नातू हसून हसून लोळला.

चौकातून दक्षिणेला चालत गेलं की विस्वा नदीकाठी वावेलची टेकडी लागते. वर राजवाडा आणि राजांच्या समाध्या असलेलं कॅथेड्रल. पायथ्याशी ड्रॅगनचा पुतळा आहे, तो थोड्या थोड्या वेळाने खराखुरा जाळ फेकतो. मुलांची तिथून हलायची तयारी नसते.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती प्लांती. जुन्या शहराभोवती तटबंदी आणि खंदक होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तट मोडकळीला आला आणि पाडायचं ठरलं. मी बँकेचा माणूस, माझ्या मनात पहिला विचार आला की एवढी मोक्याची जागा, काय भाव आला असता! त्यांनी तिथे झाडं लावली. आज शहराला सुमारे चार किलोमीटरची हिरवी माळ आहे. तटाचा उत्तरेकडचा एक दरवाजा आणि त्यासमोरचा गोल बुरूज तेवढा राहिला. तोही एका प्राध्यापकाने वाचवला. दरवाजा पाडला तर उत्तरेचा गार वारा थेट चौकात घुसेल आणि लोकांना संधिवात होईल, असं त्याने पटवलं म्हणे! संधिवाताचं नाव काढल्यावर कुठली कमिटी ऐकणार नाही?

प्लांतीत रोज सकाळी आम्ही एका बाकावर बसायचो. हातात ओबवाझानेक, म्हणजे गाड्यावर मिळणारं तीळ किंवा खसखस लावलेलं पावाचं कडं. शेजारी एक आजोबा येऊन बसायचे. भाषा येत नाही, नुसता नमस्कार. एके दिवशी नातवाला मध्ये घालून त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? कोल्हापूर म्हटलं तर कळेना. मग नातवाने फोनवर वळिवड्याच्या छावणीची माहिती काढून पोलिशमध्ये वाचून दाखवली. आजोबा उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. आपण काही न करता पूर्वजांचं व्याज मला मिळालं.

शहराबाहेरही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. कोश्चूश्कोची टेकडी ही स्वातंत्र्यवीराच्या स्मरणार्थ 1820 ते 1823 या काळात लोकांनी माती वाहून रचलेली, 34 मीटर उंचीची. तो ज्या रणांगणांवर लढला तिथली माती आणून तिच्यात मिसळली आहे. गोल वळणाच्या वाटेने वर जातात. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला तात्रा पर्वत दिसतो.

व्येलिचकाची मिठाची खाण तर बघायलाच हवी. तेराव्या शतकापासून 1996 पर्यंत तिथे मीठ काढलं. एके काळी राजाच्या तिजोरीतला जवळजवळ तिसरा हिस्सा या मिठातून यायचा. जमिनीखाली 101 मीटरवर अख्खं चर्च आहे. भिंतीवरची शिल्पं मिठात कोरलेली, झुंबरांचे लोलकही मिठाचे, आणि कोरणारे खाणकामगारच. सूचना: एकूण सुमारे आठशे पायऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा सुरुवातीलाच उतरायच्या. वर यायला लिफ्ट आहे. आमच्या सौ. गुडघ्यांमुळे वरच थांबल्या, त्याची मला अजून चुटपुट लागते. दहा वर्षांपूर्वी जायला हवं होतं. "रिटायर झाल्यावर बघू" म्हणू नका, एवढंच सांगतो.

चालायला जमत असेल तर ओयत्सुफचं राष्ट्रीय उद्यानही करा. पोलंडमधलं सगळ्यात लहान, पण चुनखडीचे सुळके आणि ओढ्याकाठची सपाट वाट फार सुंदर. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. बटाटा आणि चीजचं सारण भरलेल्या प्येरोगी मिळतात, दिसायला उकडलेल्या करंज्याच.

एक जागा मात्र सहल म्हणून सांगता येत नाही. नदीपलीकडे एका चौकात लोखंडाच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत. युद्धापूर्वी या शहरात साठ हजारांवर ज्यू राहत होते. नाझींनी त्यांना तिथल्या वस्तीत कोंडलं, आणि याच चौकातून छळछावण्यांकडे पाठवलं. मागे राहिलं त्यांचं सामान. नातवाने विचारलं, "आबा, या खुर्च्यांवर कोणी का बसत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा वळिवड्यात आलेल्या त्या मुलांना आसरा मिळाला म्हणजे काय मिळालं, ते मला त्या चौकात समजलं.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. सहा वर्षांपूर्वी हाच विषय आला तेव्हा मी खजिनदार होतो आणि पार्किंगच्या बाजूने बोललो होतो. हिशेबही मीच मांडला होता. निधी नव्हता म्हणून ते राहिलं. गाड्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण माझ्या त्या हिशेबात कडुलिंबाची सावली कुठल्याच खात्याला धरली नव्हती. ही माझी चूक मी आज आपल्यासमोर दुरुस्त करतो. या वेळी माझं मत झाडांना. तिथे दोन बाक टाकायचे ठरलं, तर एकाचा खर्च आम्ही उभयता देऊ.

आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवाला मी नसेन. पण त्या बाकावर कोणीतरी बसलेलं असावं, एवढीच इच्छा.