डोंगर उतरून समुद्राकडे: गटाची दोन दिवसांची सहल



आज आपण व्याज आणि परतफेड बाजूला ठेवून सहलीवर बोलूया. आपल्याकडे सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, नाहीतर कोल्हापूरची अंबाबाई. देवदर्शनाला घरचे लगेच हो म्हणतात. पण ‘रान बघायला, समुद्र बघायला जाते’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘तिथं तुझं काय काम?’ आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा कितीतरी बायकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला होता. त्यात साठी ओलांडलेल्याही होत्या. सातारा-सांगलीहून सकाळी निघालं तर समुद्र एका दिवसाच्या वाटेवर आहे.

आम्ही सुचवतो ती वाट कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि वेंगुर्ला अशी. आंबोलीचं रान घाटमाथ्यावर आहे. तिथं हिरण्यकेशी नदी उगम पावते, ती घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा पुढं आपल्या कृष्णेला. म्हणजे कृष्णेचं थोडं माहेर तिथंही आहे. इथं दोन-तीन तास रानात चाला. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. चपलेऐवजी बूट घाला, पाण्याची बाटली घ्या. चालायची सवय नसेल तर आधी महिनाभर सराव करा. सातारकरांनी अजिंक्यतारा चढावा, सांगलीकरांनी सागरेश्वरच्या अभयारण्यात फिरून यावं.

घाट उतरलात की वेंगुर्ल्याजवळ मांडवीची खाडी लागते. तिथं कांदळवन आहे. हे रान खाऱ्या पाण्यात, चिखलात उभं असतं. काही झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, खुंट्या ठोकल्यासारखी. काही झाडांचं बी झाडावरच रुजतं आणि कोंब फुटल्यावर खाली चिखलात पडतं. मासे, खेकडे, कोळंबी यांची पिल्लं या मुळांच्या आडोशाला वाढतात. वादळात लाटांचा जोरही हे रान कमी करतं. पांढरी चिप्पी नावाचं कांदळाचं झाड 2020 साली महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष ठरलं.

पण आम्हाला तुम्हाला तिथं पाठवायचंय ते आणखी एका कारणानं. या खाडीत पाहुण्यांना होडीतून रान दाखवण्याचं काम ‘स्वामिनी’ नावाचा महिला बचत गट करतो. मच्छीमार घरांतल्या या बायका स्वतः वल्ही मारतात, झाडं-पक्षी ओळखून सांगतात. झाड तोडायचं नाही, ते दाखवायचं आणि त्यातून कमवायचं. त्यांच्या होडीत बसाल तेव्हा मोकळेपणानं विचारा: पाळ्या कशा लावता, पैसे कसे वाटता, पावसाळ्यात काम बंद असलं की काय करता, घरच्यांना कसं पटवलंत? आपल्या कासच्या पठारावरही फुलं बघायला माणसं येतात, गावांना त्यातून काम मिळतं. आपल्या गावात दाखवण्यासारखं काय आहे, हा विचार परतीच्या गाडीत करता येईल.

आता समुद्राचं. समुद्र नदीसारखा नाही, हे आधी सगळ्यांना सांगा. दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. कोकणात तिथीवरून अंदाज बांधतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं. हा नुसता अंदाज आहे. नक्की वेळ किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर पाण्यात जाऊ नका. पाण्यात गुडघ्याच्या पुढं जायचं नाही. साडी भिजली की जड होते, पाय अडकतात, म्हणून पंजाबी ड्रेस घाला. शेवाळलेल्या खडकावर फोटो काढायला चढू नका. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट घालाच, हसू आलं तरी. जून ते ऑगस्ट हा बेत नकोच.

मुक्काम एखाद्या घरगुती निवासात करा. संडास-न्हाणी आहे ना, हे आधी फोनवर विचारा. तंबूची हौस असेल तर ग्रामपंचायतीला विचारून, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर. किनाऱ्यावर जाळ करू नका, मोठे दिवे लावू नका. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला वाळूत येतात. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी त्यासाठी ओळखलं जातं. उजेडानं पिल्लं वाट चुकतात.

राहिला पैशाचा आणि घरचा प्रश्न. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, बचतीला हात लावायचा नाही. वेगळी वही घाला. पंधरा जणींनी महिना शंभर रुपये टाकले तर दहा महिन्यांत पंधरा हजार होतात. एसटीत महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आधारकार्ड विसरू नका.

जनावरांची धार कोण काढणार, हा प्रश्न बहुतेक घरांत येतोच. त्यावर उपाय म्हणजे दोन तुकड्या. पहिली तुकडी जाईल तेव्हा दुसरीतल्या मैत्रिणी त्यांच्या गोठ्याकडं बघतील. नंतर उलट. तारीखही सुगी बघून ठरवा. तासगावकडं फेब्रुवारी-मार्चात द्राक्षाची धांदल असते, तिकडच्यांना डिसेंबर बरा. आणि घरी परवानगी मागण्याऐवजी तारीख सांगून पाहा: ‘अमुक दिवशी आमचा गट निघणार आहे, दोन दिवस भाकरीचं असं ठरवूया.’ एकटीनं सांगणं जड जातं, पंधरा घरांत एकाच आठवड्यात सांगितलं की सोपं होतं.

ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांना वगळू नका. त्या रानात चालणार नाहीत, पण होडीत बसतील, वाळूत बसतील.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय इतिवृत्तात लिहून घ्या, वही घाला आणि पहिले शंभर रुपये त्याच दिवशी जमा करा.