एकशेवीस पानांचे त्रैराशिक



भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लीलावतीत सांगितलेल्या त्रैराशिकाचा कस शाळेच्या चुलीपाशीही लागतो. पोषण आहाराच्या केंद्रीय मानकाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, तर उच्च प्राथमिक वर्गात अनुक्रमे १५० व ३० ग्रॅम द्यावयाची असते. दोन्हीकडे डाळ धान्याच्या एकपंचमांशच भरते. समजा, पंगतीस लहान मुले ८४ व मोठी ३६ आहेत. तांदूळ ८.४ अधिक ५.४, म्हणजे १३.८ किलो. डाळ क्ष मानल्यास ५क्ष = १३.८, अर्थात क्ष = २.७६ किलो. अंदाजाने दोनच किलो डाळ शिजविली, तर प्रत्येक मुलाची चतुर्थांशाहून अधिक डाळ बुडते. पातळ वरणात ही तूट वाढणाऱ्यास दिसत नाही, हेच वाईट.

पाण्याचे प्रमाण मात्र इतके सरळ नाही. दहापट तांदळास दहापट पाणी घातल्यास भाताचा गिचका होतो. कारण वाफ पृष्ठभागावरून निघून जाते, आणि मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानाने पृष्ठभाग लहान असतो. मीठही हात राखूनच घालावे. तांदूळ काढावयाचा तो पटावरील संख्येवरून नव्हे, त्या सकाळच्या हजेरीवरून.