दोन हात आणि एक यंत्र
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी निधीतून छाती दाबणारं यंत्र घ्यावं, अशी सूचना सभेत आली. मी निवृत्त नर्स, म्हणून त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे. तरी माझं मत मी आधीच सांगते : यंत्र घेऊ नका. का, ते ऐका.

माझं माहेर जामसर. वीसेक वर्षांपूर्वी दिवाळीनंतर भाताची झोडणी चालली होती. मी सुट्टीवर आले होते. खळ्यावर दादा एकदम खाली कोसळला. कोणी पाणी शिंपडलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मला बोलवायला पोरगं घरी धावलं. मी पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली होती. मी छाती दाबायला लागले. जीप आली. जव्हारच्या वाटेवर प्रत्येक वळणाला माझे हात सुटायचे, तोल जायचा. दादा वाचला नाही. तेव्हा १०८ नंबरची गाडी नव्हती. ती आपल्या राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली.

पुढे अशा यंत्राची माहिती वाचली आणि वाटलं, जीपमध्ये हे असतं तर? कितीतरी वर्षं तो प्रश्न मनात होता.

हे यंत्र रुग्णाच्या छातीवर बसवतात. त्यातला दट्ट्या मिनिटाला साधारण शंभर वेळा छाती खाली दाबतो. ते दमत नाही, वळणावर सुटत नाही. मग जास्त माणसं वाचायला हवीत ना? युरोपातल्या २५८९ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले : चार तासांनंतर जिवंत असलेले, यंत्राकडून २३.६ टक्के आणि हाताने २३.७ टक्के. ब्रिटनमध्ये ४४७१ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस दिवसांनी जिवंत होते यंत्राच्या गटात ६ टक्के, हाताच्या गटात ७ टक्के. म्हणजे यंत्र हातापेक्षा सरस ठरलं नाही. एक कारण असं सांगतात की यंत्र बसवताना दाबणं थांबतं, आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही.

मग यंत्र निरुपयोगी का? नाही. धावत्या गाडीत, लांबच्या प्रवासात, तासभर दाबत राहायची वेळ आली तर ते कामाचं आहे. पण ते गाडीत आणि रुग्णालयात, शिकलेल्या माणसांच्या हाती. आपल्या जिन्याखालच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं यंत्र, आणि किल्ली सेक्रेटरींकडे, काय उपयोग?

दादाचा जीव जीपमध्ये गेला असं मला वाटायचं. आता कळतं, तो खळ्यावरच्या त्या दहा मिनिटांत गेला. हृदय थांबल्यावर कोणी छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची आशा साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. खळ्यावर तीस हात होते. शिकलेला एकही नव्हता.

म्हणून शिका. माणूस कोसळला, हाक मारली तरी उठत नाही, श्वास नाही किंवा मधूनच आचके देतो आहे, तर आचक्यांना श्वास समजू नका. एकाने १०८ लावा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला. म्हणून एका घरातला एकच शिकून भागत नाही. तोंडाने श्वास देता येत नसेल तरी मोठ्या माणसाची नुसती छाती दाबत राहा. मुलं आणि बुडालेले यांना श्वासही लागतो, तो प्रशिक्षणात शिकायचा.

निधी खर्चायचाच असेल तर सरावाचा पुतळा घ्या आणि वर्षातून दोनदा सराव ठेवा. उरलेच पैसे, तर शॉक देणारं एईडी यंत्र वॉचमनच्या खोलीत, उघड्यावर ठेवा. ते वेगळं आहे, आणि ते लवकर मिळणं मोलाचं असतं.

पहिला सराव येत्या रविवारी गच्चीवर. पुतळा येईपर्यंत घट्ट उशी चालेल. आजी-आजोबांनीही यावं. मी येतेच आहे.